भर दुपारचा कॅमेरा: जुन्या डिजिटल कॅमेऱ्याने गोव्यात अवरक्त छायाचित्रण

दुपारी बारा ते तीन या वेळेत गोव्यात कॅमेरा गळ्यात अडकवून उन्हात हिंडणारा माणूस बहुधा पाहुणा असतो. येथल्या माणसाला ठाऊक असते की त्या वेळी माडांच्या झावळ्या नुसत्या चकाकतात, आकाश पांढुरके दिसते आणि जेवून आडवे होण्यापलीकडे दुसरे शहाणपण नसते. एका प्रकारच्या कॅमेऱ्याला मात्र नेमके हेच रणरणते ऊन लागते. तो म्हणजे डोळ्याला न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टिपणारा कॅमेरा. हौशी माणसाने विकत घ्यावा किंवा तयार करावा अशा निराळ्या डिजिटल कॅमेऱ्यांमध्ये माझ्या मते पहिला मान याचाच आहे, कारण बहुतेकांच्या कपाटात त्याचा कच्चा माल आधीच पडून असतो.

माणसाच्या डोळ्याला साधारणपणे ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा सेन्सर मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. हा जादा प्रकाश आत शिरला तर रंग बिघडतात, म्हणून कारखान्यातच सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी एक पातळ, किंचित निळसर काच बसवलेली असते. या लेखातील सगळा उद्योग त्या एका काचेभोवती फिरतो: ती चुकवायची, काढायची किंवा बदलायची.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. हा कॅमेरा उष्णता दाखवत नाही. माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी सुमारे १० मायक्रोमीटर, म्हणजे १०,००० नॅनोमीटर लांबीच्या असतात. त्या टिपण्यासाठी वेगळा सेन्सर आणि जर्मेनियमसारख्या पदार्थाचे भिंग लागते. आपला कॅमेरा सूर्याचा जवळचा अवरक्त प्रकाश वस्तूंवरून परावर्तित होऊन येतो तेवढाच पाहतो. काळोखात ठेवलेला गरम चहाचा पेला त्याला दिसणार नाही.

आधी रिमोटची परीक्षा

पैसे खर्च करण्यापूर्वी घरातील टीव्हीचा रिमोट हाती घ्यावा. रिमोटच्या टोकाचा दिवा बहुधा ९४० नॅनोमीटरचा प्रकाश फेकतो. खोलीत अंधार करून रिमोट कॅमेऱ्याच्या लेन्सकडे रोखावा, बटण दाबून धरावे आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावे. दिवा ठळक पांढरा किंवा जांभळट दिसला तर त्या कॅमेऱ्याची आतली काच सैल स्वभावाची आहे असे समजावे. अगदी फिकट ठिपका दिसला किंवा काहीच दिसले नाही तर ती कडक आहे. पडद्यावर थेट दृश्य न दाखवणारा जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, असेल तर एखाद्या सेकंदाचे छायाचित्र काढून तपासावे. मोबाइलवरही हा प्रयोग होतो, आणि पुष्कळदा पुढचा कॅमेरा मागच्यापेक्षा अधिक दाखवतो.

ढोबळ नियम असा की कॅमेरा जितका जुना तितकी ही काच ढिली. २००४ मधील निकॉन डी७० आणि त्याच्या पाठोपाठचे डी५० व डी४० हे कॅमेरे याच गुणासाठी अजूनही शोधले जातात. हा गुण नेहमीच हवासा असतो असे नाही. २००६ मध्ये आलेल्या लायका एम८ या महागड्या कॅमेऱ्याची काच इतकी पातळ होती की काळे कृत्रिम कापड जांभळे दिसू लागले आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर द्यावे लागले.

पहिली पायरी: कॅमेरा न उघडता

ज्याला ही हौस टिकेल की नाही याची खात्री नाही, त्याने कॅमेऱ्याला हात न लावता लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून पाहावे. होया कंपनीचा आर७२ हा यातील जुना आणि विश्वासाचा फिल्टर आहे; त्याहून बरेच स्वस्त चिनी फिल्टरही मिळतात आणि शिकण्यापुरते ते वाईट नाहीत. विकत घेताना लेन्सच्या पुढच्या कड्यावर छापलेला व्यास पाहावा, कारण ५२ मिलिमीटरच्या लेन्सवर ६७ मिलिमीटरचा फिल्टर जोडकड्याशिवाय बसत नाही.

हा फिल्टर डोळ्याला जवळजवळ काळा दिसतो. त्यामुळे कामाचा क्रम उलटा करावा लागतो. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवावा, फिल्टर न लावता चौकट ठरवावी, फोकस करावा, मग ऑटोफोकस बंद करून अलगद फिल्टर फिरवून बसवावा. डीएसएलआर असेल तर मागच्या दृश्यदर्शकाच्या काचेवर काळे कापड किंवा टोपण टाकावे. लांब वेळाच्या छायाचित्रात तेथून शिरलेला प्रकाश मधोमध फिकट डाग पाडतो. लेन्सचे छिद्र एफ ८ आणि सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ २०० धरून भर उन्हात सुरुवात करावी. ढिल्या काचेच्या कॅमेऱ्यात एक-दोन सेकंद पुरतात, कडक काचेच्या कॅमेऱ्यात अर्धा मिनिट किंवा अधिकही लागते. प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेऱ्यातील उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहून वेळ वाढवावी अथवा घटवावी. कॅमेऱ्याचे मोजमाप दृश्य प्रकाशासाठी जुळवलेले असल्याने त्यावर विसंबू नये.

किनारी गोव्यात या पद्धतीची खरी अडचण वाऱ्याची आहे. सकाळ सरता सरता समुद्रावरून वारा सुटतो आणि वीस सेकंदांत माडाची प्रत्येक झावळी पुसट होऊन जाते. म्हणून फिल्टरवाल्याने सकाळी नऊ ते साडेदहाची वेळ धरावी. पाण्याला मात्र हा लांब वेळ मानवतो. खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतील, साचलेले पाणी आरशासारखे गुळगुळीत येते.

दुसरी पायरी: काच बदललेला कॅमेरा

फिल्टरने दोन-तीन महिने काम केल्यानंतरही मन रमत असेल तर एक जुना कॅमेरा कायमचा या कामाला वाहून टाकावा. आतली काच काढून तिच्या जागी फक्त अवरक्त प्रकाश सोडणारी काच बसवली की कॅमेरा हातात धरून, शटर १/१२५ सेकंदावर ठेवूनही चालतो. रोजच्या वापरातला चांगला कॅमेरा यासाठी बळी देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

काही कॅमेरे कारखान्यातूनच या कामासाठी निघाले. फुजीफिल्मने २००६ मध्ये एस३ प्रो यूव्हीआयआर आणि २०१५ मध्ये एक्स-टी१ आयआर हे कॅमेरे न्यायवैद्यक, वैद्यकीय आणि संशोधनाच्या कामासाठी काढले. जुन्या बाजारात ते क्वचितच दिसतात. सिग्माच्या एसडी१४ पासून एसडी क्वात्रोपर्यंतच्या कॅमेऱ्यांत ही काच लेन्स काढल्यावर समोरूनच बाहेर घेता येते आणि पुन्हा बसवता येते. एकाच कॅमेऱ्यात दोन्ही सोयी हव्या असतील तर याहून सुटसुटीत मार्ग नाही, फक्त ते कॅमेरे संथ आहेत हे मान्य करूनच घ्यावेत.

खरेदीत एक चूक वारंवार होते. कॅननचे २०डीए, ६०डीए आणि ईओएस आरए, तसेच निकॉनचा डी८१०ए हे कॅमेरे ‘बदललेल्या फिल्टरचे’ म्हणून विक्रीस येतात आणि लोक ते अवरक्त समजून घेतात. ते आकाश निरीक्षकांसाठी आहेत. तेजोमेघांतील हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश अधिक सोडणारी काच त्यांत आहे, पण त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश त्यातही अडतोच.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे आणि थेट दृश्य दाखवणारे डीएसएलआर यांना मी झुकते माप देतो, आणि त्याचे कारण फोकस हे आहे. अवरक्त प्रकाश लेन्समधून थोड्या वेगळ्या अंतरावर एकवटतो; जुन्या लेन्सच्या कड्यावर लाल ठिपका किंवा लाल रेघ असे तो याच फरकासाठी. डीएसएलआर आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरने दृश्य प्रकाशावर फोकस करतो, त्यामुळे तो चुकतो आणि त्याला नव्याने जुळवून घ्यावे लागते. मुख्य सेन्सरवरच फोकस करणाऱ्या कॅमेऱ्यात हा प्रश्नच उरत नाही.

कोणती काच बसवावी, हा निर्णय एकदाच घ्यायचा असल्याने त्यावर वेळ द्यावा. ५९० किंवा ६६५ नॅनोमीटरची काच थोडा लाल प्रकाशही आत सोडते, त्यामुळे पिवळी-सोनेरी पाने आणि निळे आकाश असे भडक कृत्रिम रंग मिळतात. ७२० नॅनोमीटरला रंग फिके पण हाताळण्याजोगे असतात आणि कृष्णधवलही उत्तम येते. ८५० नॅनोमीटरपाशी सेन्सरवरील लाल, हिरवे आणि निळे रंगद्रव्य तिन्ही सारखेच पारदर्शक होतात, म्हणून तेथे रंग उरतच नाही. शुद्ध, करकरीत कृष्णधवल मिळते. आतली काच काढून साधी पारदर्शक काच बसवली तर कॅमेरा ‘फुल स्पेक्ट्रम’ होतो आणि हवा तो फिल्टर लेन्सवर लावता येतो. पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी ७२० सुचवतो. फुल स्पेक्ट्रमची लवचिकता कागदावर मोहक वाटते, पण उन्हात प्रत्येक लेन्ससाठी फिल्टरांची डबी उघडताना तिचा मोह लवकर ओसरतो.

हे काम अमेरिकेतील लाइफपिक्सेल आणि कोलारी व्हिजन यांसारख्या कंपन्या करून देतात. त्यांच्याकडे कॅमेरा पाठवताना जाण्या-येण्याचा आणि सीमाशुल्काचा हिशेब आधी मांडावा, कारण जुन्या कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तो सहज पुढे जातो. स्वतः करायचे ठरवले तर पुढील मजकूर सावकाश वाचावा.

ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश अंगभूत आहे त्यात सुमारे ३०० व्होल्टचा भार साठवणारा कॅपॅसिटर असतो. बॅटरी काढल्यानंतरही तो बराच काळ भारित राहतो. मी पहिला प्रयोग घरातल्या एका बिनकामाच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर केला, बॅटरी काढली आहे या समाधानात स्क्रूड्रायव्हर आत घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. हातातला कॅमेरा समोरच्या भिंतीपर्यंत गेला. तो प्रसंग आज विनोदी वाटतो, पण एवढा भार खरोखर धोकादायक असतो. बॅटरी काढून कॅमेरा एक-दोन दिवस ठेवावा, उघडताना फ्लॅशच्या भागाला बोट लावू नये आणि कॅपॅसिटरची टोके दिसताच ती जाणकार माणसाकडून, मोठ्या रोधाच्या साहाय्याने निर्भार करून घ्यावीत. ज्याने कधी हाती सोल्डरिंगची डागणी धरलेली नाही त्याने फ्लॅश नसलेला कॅमेराच निवडावा.

जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे असले तरी त्यांची खाच जपानी मानकाची असते. साध्या स्क्रूड्रायव्हरने ती झिजते आणि मग स्क्रू निघत नाही. बर्फाच्या ट्रेच्या खणांत काढलेल्या क्रमाने स्क्रू ठेवावेत आणि प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र काढावे. चपट्या वायर ओढून काढू नयेत, आधी त्यांची बारीक झडप उचलावी. सेन्सरपर्यंत पोहोचल्यावर निळसर काच दिसते. तिच्या जागी बसवायची काच त्याच कॅमेऱ्यासाठी कापलेली आणि योग्य जाडीची असावी, नाही तर प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि लेन्सला अनंतावर फोकस होणेच बंद होऊ शकते. काच बसवताना तिच्या आणि सेन्सरच्या मध्ये अडकलेला एक धूलिकण पुढे प्रत्येक छायाचित्रात दिसत राहतो. पंखा बंद ठेवावा. आणि हे काम पावसाळ्यात मुळीच करू नये, कारण जूनमधली ओलसर हवा काचेमागे कोंडून ठेवणे म्हणजे बुरशीला घर बांधून देणे होय.

लेन्सची पारख

चांगली लेन्स अवरक्तात वाईट निघू शकते. काही लेन्सांच्या आतील लेप आणि काळा रंग अवरक्त प्रकाश परतवतात, त्यामुळे चित्राच्या मध्यभागी फिकट गोल ठिपका उमटतो. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ ही लोकप्रिय लेन्स यासाठी बदनाम आहे, आणि कॅमेऱ्यासोबत फुकटात आलेली १८-५५ पुष्कळदा निर्दोष निघते. परीक्षा सोपी आहे: आकाश किंवा साधी भिंत एफ ४, ८, ११ आणि १६ वर टिपावी. ठिपका असेल तर छिद्र लहान होत जाईल तसा तो अधिक ठळक होतो. लांब लहरींमुळे विवर्तनही (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून चित्र पुसट होणे) लवकर जाणवते, म्हणून एफ ८ च्या फार पुढे जाण्यात तसाही लाभ नाही.

गोव्यात काय, कधी, कसे

१९१० साली रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अवरक्त छायाचित्रे प्रसिद्ध केली आणि हिरवी पाने त्यात बर्फासारखी पांढरी दिसतात हे जगाला दाखवले. पानातील हरितद्रव्य अवरक्त प्रकाश शोषत नाही आणि आतील सच्छिद्र पेशीरचना तो उलट फेकते. आकाशाचे कारण वेगळे आहे. हवेतील रेणू लहान लहरी अधिक विखुरतात आणि हे विखुरणे लहरीच्या लांबीच्या चौथ्या घातानुसार घटते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८५० नॅनोमीटरचा प्रकाश सुमारे तेराव्या हिश्श्याएवढाच विखुरतो. परिणामी निळे आकाश काळवंडते आणि ढग कोरून काढल्यासारखे उठतात. पाणीही अवरक्त प्रकाश गिळते, त्यामुळे मांडवीचे पात्र शाईसारखे येते.

या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की जागा आपोआप सुचतात. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या बसाल्टचे आणि भोवती दाट रान: अवरक्तात काळे मंदिर पांढऱ्या अरण्यात उभे राहते, आणि मला तरी याहून अधिक तयार चौकट गोव्यात सापडलेली नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेची गिलावा नसलेली जांभ्याची भिंत डोळ्याला काळपट तांबडी दिसते. लोहयुक्त जांभा ७२० च्या आसपास बराच प्रकाश परतवत असल्याने ती उजळते आणि दर्शनी भागातील बसाल्टचे कोरीव काम वेगळे होऊन दिसते. समोरचे पांढरे से कॅथेड्रल मात्र निळ्या आकाशापुढेच टिपावे, कारण ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरे होऊन सगळे हरवते. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेल्यास सलीम अली पक्षी अभयारण्यातील खारफुटी आणि तिच्या पायातले काळे पाणी यांचा विरोध हाती लागतो. खाजनाचा बांध, भरतीचे पाणी अडवणारी मानशीची दारे, कुळागरातील (पोफळीच्या बागायतीतील) पोफळींची रांग हे सारे या कॅमेऱ्याला मानवते.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबर सर्वांत चांगला. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, भात उभे असते आणि आकाशात सुटे ढग असतात. मे महिन्यात धूसरपणा वाढतो; अवरक्त प्रकाश कोरड्या धूसर हवेतून बऱ्यापैकी आरपार जातो, पण धुक्यातून जात नाही, कारण धुक्याचे थेंब लहरींपेक्षा मोठे असतात. पणजी सुमारे १५.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या आरंभी सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि झाडांना सावलीच उरत नाही; त्या दिवसांत दहा आणि तीन या वेळा बऱ्या. आकाश अधिक काळे हवे असेल तर सूर्य पाठीशी किंवा बाजूला घ्यावा.

घरात शिरल्यावर हा कॅमेरा आंधळा होतो. एलईडी दिव्यांत अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतो, तर समईच्या वातीत तो भरपूर असतो. बायका हाती तेलाचे दिवे घेऊन निघतात त्या दिवजोत्सवाच्या रात्री रोषणाईचे दिवे मिणमिणते आणि हातातील तेलाचे दिवे झगझगीत, असे उलटे चित्र दिसते.

रंगांची दुरुस्ती

छायाचित्र नेहमी रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात घ्यावे. ७२० च्या कॅमेऱ्यातून पहिले चित्र लालभडक येते. ते पाहून घाबरू नये. उन्हातल्या हिरवळीने चौकट भरावी आणि तीच आधार धरून कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे कशाला धरायचे ते, ठरवावा. मग पाने पांढरट आणि आकाश तपकिरी दिसते. आलेख पाहताना लाल रंगाचा आलेख स्वतंत्र पाहावा, कारण तो इतरांच्या आधी उजवीकडे आपटतो आणि एकत्रित आलेखात ते कळत नाही.

संगणकावर लाइटरूम वापरणाऱ्यांची एक अडचण होते: त्याची रंगतापमानाची पट्टी २,००० केल्विनच्या खाली जात नाही आणि चित्र पुन्हा लाल होते. त्यासाठी अडोबीच्या डीएनजी प्रोफाइल एडिटरने कॅमेऱ्याचे वेगळे प्रोफाइल करून घ्यावे लागते. ही कटकट नको असेल तर डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. पुढे जिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल मिक्सर उघडावा; लाल वाहिनीत लाल शून्य आणि निळा एक, निळ्या वाहिनीत निळा शून्य आणि लाल एक असे आकडे भरावेत, हिरव्याला हात लावू नये. तपकिरी आकाश निळे होते. येथे थांबावे. बाजारात दिसणारी गुलाबी झाडे आणि जांभळी देवळे ही सरकपट्ट्या टोकापर्यंत ओढल्याची फळे आहेत, आणि मला विचाराल तर दहांपैकी आठ चित्रे कृष्णधवलच अधिक शोभतात.

याच घराण्यातील दोघे

कॅमेरा उघडायची भीती वाटणाऱ्यांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडायचा ‘नोआयआर’ कॅमेरा आहे, ज्यात ती काच मुळातच बसवलेली नसते. जुन्या आवृत्त्यांसोबत निळ्या फिल्टरचा लहान तुकडा येत असे. तो लावला की लाल वाहिनीत मुख्यतः अवरक्त आणि निळ्या वाहिनीत दृश्य प्रकाश नोंदला जातो. दोन्हींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की पिकाच्या हिरवेपणाचा कच्चा निर्देशांक मिळतो. खाजनातील भाताचा एकच तुकडा दर आठवड्याला त्याच जागेवरून टिपल्यास खारे पाणी शिरलेला भाग वेगळा दिसण्याची शक्यता असते, मात्र हे आकडे केवळ आपापसांत ताडून पाहण्याचे आहेत.

दुसरा म्हणजे हालचाल होताच स्वतः टिपणारा ट्रेल कॅमेरा. रात्री तोही अवरक्त दिव्यानेच पाहतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांबवर उजेड टाकतो पण त्याची फिकी लाल ठिणगी दिसते. ९४० चा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी. कुळागरात उदमांजर किंवा साळिंदर पाहायचे असेल तर ९४० घ्यावा, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधावा आणि समोरचे गवत काढावे, अन्यथा हलणाऱ्या पात्यांची पाचशे छायाचित्रे मिळतात. स्वतःच्या बागायतीत हे चालते. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन खात्याची परवानगी लागते, आणि पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालील वास्तूंत ट्रायपॉड उभा करण्याआधी विचारून घ्यावे. काही पातळ, गडद कापडे अवरक्तात अंशतः पारदर्शक होतात, म्हणून माणसांची छायाचित्रे त्यांना हे सांगून, संमती घेऊनच काढावीत. समुद्रकिनाऱ्यावर तर हा कॅमेरा माणसांकडे वळवूच नये.

जूनपासून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापकासह ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. जेलचे दाणे रंग बदलताच मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येतात, फक्त तो तवा नंतर पोळ्यांसाठी वापरू नये.